नागपाड्याचा पत्ता
(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



कार्यकारिणीने मला विषय दिला तो 'आपल्या विभागातील थोर माणसे' असा. सदर विषयात मी थोडासा बदल करून घेतला आहे. थोर माणूस म्हटला की आपण तसबिरीला हार घालतो, दोन मेणबत्त्या लावतो आणि मोकळे होतो. म्हणून मी आज 'आपल्या वस्तीत राहून गेलेली माणसे' याविषयी बोलणार आहे. राहून गेलेल्या माणसाबद्दल आपल्याला विचारता येते की तो कुठल्या चाळीत राहत होता, पाणी कुठून भरत होता आणि त्याच्या घरात चूल कोणाच्या कमाईवर पेटत होती.

आणखी एक कारण आहे. आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी जे अर्ज येतात ते मी दरवर्षी वाचतो. राहण्याचा पत्ता या रकान्यात आपली मुले 'मुंबई सेंट्रल' लिहितात, 'भायखळा' लिहितात, कोणी नुसता पिनकोड घालतात. नागपाडा आणि कामाठीपुरा ही नावे फार थोड्या अर्जांवर असतात. मी कोणाला दोष देत नाही. मुलाखतीला गेलेल्या मुलाला समोरचा साहेब विचारतो, "कुठे राहता?" आणि उत्तर ऐकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे हसू उमटते ते ज्याने पाहिले आहे त्यालाच हे कळेल. मुलीचे स्थळ बघायला आलेले पाहुणे पत्ता ऐकून परत गेले, असेही आपल्याकडे घडले आहे. तेव्हा ज्यांनी हाच पत्ता जगापुढे ठेवला ती माणसे कोण होती आणि त्यांना तो ठेवण्यासाठी काय सोसावे लागले, हे या मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

आधी वस्तीविषयी थोडेसे. मुंबई बेटांची होती त्या काळात हा सगळा भाग सखल आणि पाणथळ होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीचा बांध घातला गेला, भरतीचे पाणी अडले आणि हळूहळू इथे भराव पडून वस्ती होऊ लागली. निजामाच्या मुलखातून, तेलंगणातून बांधकामावर मजुरी करायला आलेले कामाठी इथे राहिले, त्यांच्यावरून कामाठीपुरा. ज्यांनी ही मुंबई बांधली त्यांचे नाव या चौदा गल्ल्यांना आहे. पुढे ब्रिटिश अमदानीत याच गल्ल्यांना बाजाराचे रूप आले आणि ते नाव उच्चारायची लोकांना लाज वाटू लागली. शेजारी नाटकगृहे होती. इंग्रजी 'प्ले हाऊस'चे आपल्या लोकांच्या तोंडी 'पिला हाऊस' झाले. बेलासिस रोड, मोरलँड रोड, क्लेअर रोड, फोरास रोड ही साहेबांच्या वेळची नावे. त्यांतली बहुतेक आता पाटीवरून गेली आहेत, पण टॅक्सीवाल्याला अजून जुनेच नाव सांगावे लागते. इथे मराठी, तेलुगू, उर्दू, कोकणी, गुजराती अशा सगळ्या भाषा एकाच नळावर भांडल्या. घाटावरून, कोकणातून, नगर-नाशिक-पुण्याकडून गावकीची कामे टाकून आलेली आपली माणसेही याच नळावर आली.

त्यांच्यातलाच एक मुलगा म्हणजे दगडू मारुती पवार. जग त्यांना दया पवार म्हणून ओळखते. जन्म १९३५ चा, गाव नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातले धामणगाव. वडील मुंबईत गोदीत कामाला होते आणि कुटुंब राहत होते ते नागपाड्याजवळच्या कावाखान्यात. कावा म्हणजे कॉफी. नावात कॉफी असली तरी तिथे लहान लहान खोल्यांतून आपली बिऱ्हाडे एकमेकांना खेटून राहत होती. पुरुष हमाली करत, कोणी गोदीत, कोणी गिरणीत. आणि बाया? बायांविषयी पवारांनी 'बलुतं'मध्ये जे लिहिले आहे ते मी इथे माझ्या शब्दांत सांगतो. त्या रस्त्यावरून चिंध्या, कागद, काचा, लोखंड, बाटल्या गोळा करून आणीत, रात्र रात्र त्याची निवड करीत आणि सकाळी विकीत. काही जणी धंद्यावरच्या बायांच्या साड्या धुऊन देत. काही जणी त्यांना भाकरी-कालवण रांधून देत, कारण रोज खिमा-पाव खाऊन त्या बायाही कंटाळलेल्या असत.

मित्रांनो, हा एवढा एक तपशील घेऊन जरा थांबू या. बाहेरचा माणूस या वस्तीकडे बघतो तेव्हा त्याला एकच दिवा दिसतो, माडीवरचा. त्या माडीवर भाकरी कोण पोचवते, साडी कोण धुते, हे त्याला दिसत नाही. कावाखान्यातल्या बायांना दिसत होते. गावाहून आलेली आपली आई-मावशी आणि कर्नाटकातून, आंध्रातून, नेपाळातून विकून आणलेली ती बाई यांच्यात एका भाकरीचा व्यवहार होता. त्या व्यवहारात शिवाशीव नव्हती. गावात ज्या बाईच्या हातचे पाणी कोणी पीत नव्हते तिच्या हातची भाकरी इथे पैसे देऊन खाल्ली जात होती. याला मी समता म्हणणार नाही, तेवढा मी भाबडा नाही. पण गाव सोडून मुंबईत का आलात, या प्रश्नाचे ते एक खरे उत्तर आहे.

पवारांचे वडील दारूपायी खंगले आणि गेले, आई मुलांना घेऊन गावी परतली, दगडू संगमनेरला बोर्डिंगात राहून शिकला आणि पुन्हा मुंबईत येऊन कारकुनी करू लागला. 'कोंडवाडा' हा त्यांचा कवितासंग्रह १९७४ चा आणि 'बलुतं' आले १९७८ साली. मराठीत दलित आत्मकथनांची जी मोठी लाट आली तिच्यातले हे पहिल्या मोठ्या पुस्तकांपैकी एक. पुस्तक त्यांनी आईला अर्पण केले आहे.

त्या पुस्तकाची रचना तुम्ही मुलांनी मुद्दाम बघावी. त्यात दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवार या माणसाला सांगतो. दोघेही तेच. नोकरी करणारा, इस्त्रीचे कपडे घालणारा, साहित्यिकांत बसणारा दया, आणि कावाखान्यात वाढलेला, महारवाड्यातला दगडू. एक जण दुसऱ्याला लपवून ठेवतो आणि दुसरा काही केल्या लपत नाही. अर्जावर मुंबई सेंट्रल लिहिणाऱ्या आपल्या मुलाच्या मनात जे चालते त्याचेच हे चित्र आहे. फरक इतका की पवारांनी ती लाज लपवली नाही, तिलाच पुस्तकाचा विषय केले.

यासाठी त्यांना किंमत मोजावी लागली. उच्चवर्णीयांनी कौतुक केले, पुढे १९९० साली पद्मश्री मिळाली. पण आपल्याच समाजातले कितीतरी लोक संतापले. घरातली भांडणे, दारू, बायकांची अब्रू चव्हाट्यावर का मांडली, असे त्यांना विचारण्यात आले. मी या आक्षेपाला अगदीच खोटा म्हणत नाही. ज्यांना आधीच सगळे हसतात त्यांना वाटणारच की आपल्याच माणसाने आणखी हसायला कारण कशाला द्यावे. परंतु माझे मत विचाराल तर पवारांचे बरोबर होते. ते लपवून ठेवले असते तर कावाखाना कधी होता हेही आज कोणाला कळले नसते. त्यांचे निधन १९९६ साली झाले. पुढे २०१५ मध्ये 'बलुतं' इंग्रजीत गेले आणि आज कुठल्या कुठल्या देशांतली मुले नागपाडा कुठे आहे ते नकाशात शोधतात.

आता एका भाडेकरूविषयी. पंजाबातून १९३६ च्या सुमारास सआदत हसन मंटो नावाचा तरुण मुंबईत आला. चित्रपट साप्ताहिकाचे संपादन, स्टुडिओत कथा-संवाद असे काम. सुरुवातीला चाळीतली खोली आणि लग्नानंतर क्लेअर रोडवरच्या अॅडेल्फी चेंबर्समध्ये बिऱ्हाड. त्या इमारतीपासून कामाठीपुरा चालत काही मिनिटांवर. 'हतक' या कथेतली सौगंधी आणि 'मम्मद भाई'मधला दादा ही त्यांनी आपल्या आसपासच्या जगातून उचललेली माणसे. १९४८ च्या जानेवारीत ते पाकिस्तानात गेले आणि १९५५ साली लाहोरला वारले. मुंबई सोडल्याचे दुःख त्यांनी पुढे कित्येकदा लिहून दाखवले. जाता जाता एक गंमत सांगतो. क्लेअर रोडला आता मिर्झा गालिब मार्ग म्हणतात, आणि १९५४ साली 'मिर्झा गालिब' नावाचा जो चित्रपट आला, ज्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, त्याची कथा याच रस्त्यावर राहून गेलेल्या मंटोंची होती. पाटी लावणाऱ्यांच्या हे ध्यानात होते की नाही कोण जाणे.

मंटोंना मी इथे एवढ्याचसाठी आणले की त्यांच्या कथेतली बाई ही दया येऊन बघितलेली बाई नाही. ती चिडते, ती अपमान लक्षात ठेवते. पण मंटो रात्री परत आपल्या फ्लॅटवर जात होते, हेही आपण लक्षात ठेवावे.

दुसरा एक बाहेरचा माणूस मात्र इथे येऊन काम करीत राहिला. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनचे गृहस्थ. त्यांच्या नेतृत्वाखाली १९२७ साली 'नागपाडा नेबरहूड हाऊस' उभे राहिले. वाचनालय, दवाखाना, वर्ग, खेळ, सभा, सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांसाठी एकच घर. धर्मांतर करवण्यापेक्षा शेजारधर्म पाळावा, असा त्यांचा कल होता. याच घरात १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक होते. १९४४ मध्ये त्याचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस असे झाले आणि १९५४ मध्ये ते देवनारला गेले. आज आपली जी मुले देवनारच्या त्या संस्थेत प्रवेश मिळावा म्हणून धडपडतात, त्यांनी ध्यानात ठेवावे की भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण ज्या पत्त्यावर सुरू झाले तो पत्ता नागपाड्याचा होता. त्या मुलाखतीत तरी कोणी पत्ता लपवू नये!

त्याच नेबरहूड हाऊसच्या मैदानावर मिशनऱ्यांनी पोरांच्या हातात बास्केटबॉल दिला. पोरे अनवाणी खेळली. त्यांतून गुलाम अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. क्रिकेटच्या या शहरात एक वस्ती बास्केटबॉलची म्हणून ओळखली जाते ती आपली आहे. खेळाडू मित्रांनी याची अधिक माहिती मैदानावरच्या जुन्या लोकांना विचारावी, ते आनंदाने सांगतील आणि लवकर थांबणार नाहीत.

आता नामदेव ढसाळ. इथे मला थोडा अधिक वेळ द्यावा अशी अध्यक्षांना विनंती आहे.

जन्म १५ फेब्रुवारी १९४९, पुणे जिल्ह्यातले पूर हे गाव. वडील मुंबईत खाटकाकडे कामाला. लहानपणीच नामदेव मुंबईत आले आणि ढोर चाळीत वाढले. शिक्षण शाळेतच थांबले. पुढे टॅक्सी चालवली. टॅक्सीवाल्याला सगळे शहर दिसते आणि शहराला टॅक्सीवाल्याची फक्त पाठ दिसते. १९७२ साली त्यांचा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला, आणि त्याला त्यांनी नाव दिले 'गोलपिठा'. आपण अर्जावर जे लिहायला कचरतो ते त्यांनी मुखपृष्ठावर छापले. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. त्यासाठी ते ढसाळांबरोबर या वस्तीत फिरले, आणि मराठीतल्या एवढ्या मोठ्या नाटककाराला या कवितेतल्या कितीतरी शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले. शब्द मराठीच होते. बोलणारे या गल्ल्यांतले होते, एवढेच.

त्याच वर्षी, मे महिन्यात, दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ आणि ज. वि. पवार हे तिचे आरंभीचे सूत्रधार, पुढे राजा ढाले आणि इतर तरुण साथीदार आले. खेड्यापाड्यांत बहिष्कार, बायांची विटंबना, खून असे प्रकार घडत होते. इळया पेरुमल समितीचा अहवाल १९७० सालीच लोकसभेत मांडला गेला होता आणि तरी काही हलत नव्हते. अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. पहिली जाहीर सभा झाली ती ९ जुलै १९७२ रोजी, कामाठीपुऱ्यातल्या सिद्धार्थनगरात. शिवाजी पार्क किंवा चौपाटी त्यांना परकी नव्हती, पण सुरुवात घरच्या अंगणात झाली. गावातल्या अत्याचाराची दाद मुंबईच्या गल्लीतली पोरे मागू लागली, कारण ती पोरे त्याच गावांतून आलेल्या आई-बापांची होती. सुट्टीत गावी गेल्यावर वेशीबाहेरचे पाणी तीही प्यायली होती.

ढसाळांच्या पुढच्या आयुष्याविषयी स्मरणिकेत गोड गोड लिहायची पद्धत आहे, ती मी आज मोडतो. पँथर दोन वर्षांत फुटली. आणीबाणीला त्यांनी पाठिंबा दिला. ज्या शिवसेनेशी १९७४ मध्ये वरळीत रस्त्यावर झुंज झाली, त्याच शिवसेनेच्या मुखपत्रात ते पुढे सदर लिहीत होते. आपल्यातल्या अनेकांना याचा फार त्रास झाला आणि तो रास्त होता. दुसरीकडे त्यांची कविता मात्र शेवटपर्यंत तिच्या माणसांना सोडून गेली नाही. १९९९ ची पद्मश्री, साहित्य अकादमीने सुवर्णमहोत्सवानिमित्त २००४ साली दिलेला जीवनगौरव, हे सगळे त्या कवितेने मिळवले. वर्षानुवर्षे मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायूंच्या दुबळेपणाच्या आजाराशी झगडून १५ जानेवारी २०१४ रोजी ते गेले. माणूस आणि त्याची कविता यांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो. तो ठेवायला कष्ट पडतात, पण मुलांनो, तुम्ही तो ठेवायला शिका.

आणि त्या हिशेबात एक वही शेजारी ठेवा, ती मलिका अमर शेख यांची. शाहीर अमर शेखांची ही मुलगी स्वतः कवयित्री, ढसाळांची पत्नी. १९८४ साली त्यांनी 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन लिहिले. चळवळीतल्या पुढाऱ्याच्या घरात बायकोचे काय होते, पैसा, आजार, मारहाण, एकटेपण, हे त्यांनी नाव घेऊन लिहिले. व्यासपीठावरून स्त्रीमुक्तीवर बोलणाऱ्या आपण सर्व पुरुषांनी ते एकदा वाचावे. आपल्या वाचनालयात त्याची एकच प्रत आहे आणि तिच्यावरच्या चिठ्ठीत गेल्या कित्येक वर्षांत फार शिक्के पडलेले नाहीत.

हे सगळे बोलताना माझे मन परत परत कावाखान्यातल्या त्या बायांकडे जाते. पवारांनी त्यांच्याविषयी लिहिले, ढसाळांनी लिहिले, मंटोंनी माडीवरच्या बाईविषयी लिहिले. चिंध्या निवडणाऱ्या बाईने स्वतः काही लिहिले नाही. तिला लिहिता येत नव्हते, आणि येत असते तरी रात्रभर निवडच चालायची. या सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणांची आजी तशी होती. कोणी काच-पत्रा गोळा केला, कोणी भायखळ्याच्या बाजारात वाटा लावून मासळी-भाजी विकली. त्याच भायखळ्याच्या बाजारात, गिऱ्हाईक उठून गेल्यावर, उघड्या शेडखाली बाबासाहेबांचे आणि माता रमाईंचे लग्न लागले होते, हे आपण सगळे जाणतो. पण त्या दिवशी वऱ्हाडाचा स्वयंपाक कोणी केला, नवरीला हळद कोणी लावली, त्यांची नावे आपल्याला कोणी सांगितली नाहीत.

आता घाई करायचे कारण आहे. कामाठीपुऱ्याचा म्हाडामार्फत पुनर्विकास करण्याचे सरकारने ठरवले आहे. शंभर-शंभर वर्षांच्या, टेकू लावलेल्या इमारती पडतील. पडाव्यातच. ज्यांनी पावसाळ्यात जिन्यावर रात्र काढली आहे त्यांना जुन्या चाळीचे कौतुक सांगण्याचा अधिकार मला नाही. पक्की घरे, प्रत्येक घरात नळ आणि संडास, हे आपल्या लोकांना मिळालेच पाहिजे, आणि भाडेकरूची पावती कोणाच्या नावावर आहे याचा घोळ आताच मिटवून घ्या, असे मी सभासदांना वेगळे सांगतो. पण इमारत पडली की खोली क्रमांक जातो, खोली क्रमांक गेला की शेजार जातो, आणि शेजार गेला की अमक्याची आजी कुठे राहत होती हे सांगणारे कोणी उरत नाही.

म्हणून संस्थेच्या कार्यालयात आम्ही एक जाड वही ठेवली आहे. पहिल्या पानावर रकाने आखले आहेत: नाव, माहेरचे नाव, मूळ गाव, मुंबईत कधी आल्या, कुठल्या चाळीत राहिल्या, काम काय करीत, मजुरी काय मिळे. आज गौरव झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईशी बसून एक पान भरावे. ती सांगेल त्याच भाषेत लिहावे, शुद्ध करू नये. ती शिवी घालेल तर शिवीही लिहावी, ती कोणाला घातली तेही लिहावे. ज्यांच्या आजी हयात नाहीत त्यांनी आईला विचारावे. येत्या रविवारी दुपारी दोन ते पाच कार्यालय उघडे राहील, चहाची व्यवस्था महिला मंडळाने स्वीकारली आहे. पेन ज्याने त्याने आपले आणावे.

जयभीम.